गॅसचे पैसे, वाट पाहण्याचे पैसे

मे महिन्यात आईला घेऊन साताऱ्याहून सांगलीला निघालो. कराडपर्यंत गाडीचा एसी मस्त गार. पुढे झोत तेवढाच, पण हवा गरम. मागे आई घामाघूम. पेठ नाक्यावर चहाला थांबलो, निघालो तर पुन्हा गार!

असं तीनदा झालं. साताऱ्यात गॅरेजमध्ये दाखवलं की उत्तर ठरलेलं, "इथं तर चालतंय की!" आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातलंच हे वाक्य. मग काय, दोनदा गॅस भरून घेतला. खरं तर हा गॅस बंद नळ्यांतून फिरतो, पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर गळती शोधायला हवी.

शेवटी सांगलीतल्या एका मिस्त्रींनी गाडी उन्हात चालू ठेवली आणि पाऊण तास नुसती वाट पाहिली. एसी बंद पडल्यावरच मीटर लावला. कॉम्प्रेसरच्या क्लचला वीज येत होती, पण प्लेट ओढली जात नव्हती. झिजून फट वाढलेली, त्यात कॉइल तापली की चुंबकाची ओढ कमी. एक पातळ वॉशर काढून फट कमी केली, झालं काम.

पाऊण तासाचे पैसे त्यांनी मागितलेच नाहीत. आपली चूक इथेच आहे. गॅसचे पैसे आपण निमूट देतो, वाट पाहण्याचे द्यायला कुरकुरतो. मग लोक गॅसच भरणार ना?

मी आग्रहाने दिले. तुम्हीही द्या. आणि जाताना एवढं टिपून न्या: हायवेला गार, सिग्नलला गरम असेल तर आधी कंडेन्सरचा पंखा बघायला सांगा, झोतच मंदावत असेल तर आत बर्फ धरत असेल. असो, आई आता पुढे बसते. गार लागतं म्हणून तक्रार करते!