मुलांना मधमाशी दाखवावी कशी?

मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतली सात-आठ कुटुंबे मिळून जुन्नरकडची लेणी पाहायला गेलो होतो. पायऱ्या चढताना वर कड्याला काळसर असे काही लटकलेले दिसले. शेजारचा सहा वर्षांचा पोरगा म्हणाला, "ते बघा, कुणीतरी गोणपाट वाळत घातलंय!" ते आग्या मोहोळ होते. तोवर आमच्यातल्याच एका मोठ्या मुलाच्या हातात दगड आलाही होता. त्याच्या आजीने मनगट घट्ट धरले म्हणून निभावले.

आजी शाळेत गेलेली नाही. पण तिचे वडील मोहोळ झाडायला जात. तिने पोरांना आरडाओरडा न करता खाली नेले आणि लांबूनच बघायला सांगितले. मोहोळावरून लाटेमागून लाट सरकत होती, वाऱ्याने ज्वारी डुलावी तशी. गांधीलमाशी जवळ आली की आग्या माश्या एकीमागून एक पोट वर उचलतात. त्याचीच ती लाट. पोरे दहा मिनिटे हलली नाहीत. एरवी ती टीव्हीपुढेही इतकी गप्प बसत नाहीत!

माता-भगिनींनो, आपण मुलांना मधमाशीबद्दल दोनच गोष्टी सांगतो. ती चावते आणि ती मध देते. खरी गोष्ट तिसरीच आहे. ती दाखवायला सहलही नको आणि पुस्तकही नको. पावसाळ्याच्या तोंडी लाल भोपळ्याच्या दोन बिया मातीत टोचा. अंगण नसेल तर फुटकी बादली चालेल, वेल पत्र्यावर चढवा. दीड-दोन महिन्यांत पिवळी फुले येतात. मुलाला सकाळी लवकर उठवून न्या, कारण दुपारपर्यंत फूल मिटते. आधी येतात ती बहुतेक नर फुले, लांब सडक देठाची. नंतर मादी फूल येते. त्याच्या पाठीशी सुपारीएवढा भोपळा आधीच लागलेला असतो. नर फुलातले पराग मादी फुलात पोचले तरच तो भोपळा वाढतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. हे पराग वाऱ्याने पोचत नाहीत. माशीच ते अंगावर घेऊन जाते.

मुलाची खात्री पटवायची असेल तर एका मादी फुलाला आदल्या संध्याकाळी, उमलण्याआधीच, पातळ फडक्याची पिशवी बांधा आणि फूल मिटेपर्यंत सोडू नका. दुसरे फूल उघडे ठेवा. आठवड्याभरात काय होते ते मुलालाच पाहू द्या. तुम्ही काही सांगू नका. सूर्यफूल, काकडी, कांद्याचे बी यांचीही गत थोडीफार अशीच आहे. ज्या भगिनी शेतात मजुरीला जातात त्यांनी हे पाहिलेच असेल. पीक फुलात असताना सकाळी औषध फवारले की माश्या मरतात. फवारायचेच असेल तर सूर्य मावळताना, माश्या घरी गेल्यावर फवारावे.

घरात खेळण्यासारखाही एक खेळ आहे. फुले सापडलेली माशी पोळ्यावर नाचून बाकीच्यांना वाट सांगते. पोट हलवत ती सरळ धावते. धाव जितका वेळ चालते तितकी फुले लांब, आणि धावेचा रोख सूर्याच्या मानाने दिशा सांगतो. हा नाच उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 साली नोबेल पारितोषिक मिळाले. गुळाचा खडा कुठेतरी लपवा. एका मुलाने तोंडातून शब्द न काढता नाचून सांगायचे, दुसऱ्याने शोधायचे. आमच्या खोलीत पातेली पडली, पण खडा सापडला.

आता भीतीविषयी. डंख मादीच मारते आणि आपल्याला डंख मारला की काटा आपल्या कातडीत अडकून ती स्वतःही मरते. म्हणून फुलावरची माशी उगाच वाटेला जात नाही. मोहोळ छेडले तर मात्र शेकडो येतात. अशा वेळी नाक-तोंड झाकून पळावे, बंद जागेत शिरावे. काटा रुतला तर वेळ न घालवता नखाने खरवडून काढावा, वर थंड पाणी लावावे. चुना-हळद शोधत बसू नये. ओठ-चेहरा सुजला, धाप लागली किंवा खूप डंख बसले तर तडक दवाखाना गाठावा.

आणि मधाविषयी एक कळकळीची विनंती. तान्ह्या बाळाला मधाचे बोट चाटवू नका. सासूबाई रागावल्या तरी चालेल. मधात कधीकधी असे जंतू असतात की एक वर्षाच्या आतल्या बाळाला त्यांच्यापासून जिवावरचे दुखणे होते. एक वर्षानंतर खुशाल द्या.

आमच्या चाळीच्या मागच्या पिंपळावर दोन वर्षांपूर्वी मोहोळ बसले होते. रात्री कुणीतरी पलिता लावून ते जाळले. सकाळी पोरे जळक्या माश्या काडीने ढकलत होती, आणि आम्ही मोठी माणसे "बरे झाले" म्हणत होतो. मीही म्हणाले होते. महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला 2022 साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर केले. तिथे घरोघरी पेट्यांत सातेरी माश्या पाळतात, लेकरे त्यांच्या आसपास वाढतात. आपल्याला पेट्या परवडायच्या नाहीत, जागाही नाही.

भोपळ्याची वेल मात्र यंदा आमच्या पत्र्यावर आहे. गोणपाटवाला पोरगा रोज सकाळी दात घासता घासता तिथे उभा असतो. काल त्याने एका फुलात तीन माश्या मोजल्या. त्यातली एक अंगभर पिवळी होऊन निघाली तेव्हा तो आईला हाक मारायला धावला, तोंडातल्या फेसासकट.