गृहपाठाची वही कोणाची?

पुणे–अहिल्यानगर महामार्गाला चाकणचा रस्ता जेथे मिळतो, त्या शिक्रापुरात इंग्रजी आता परकी राहिलेली नाही. सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांच्या पाट्या, मालाची बिले, बँकेचे अर्ज यांतून ती रोज समोर येते. मुलाचे इंग्रजी पक्के व्हावे, ही पालकांची इच्छा म्हणूनच रास्त आहे. परंतु सायंकाळी दुकानात गिऱ्हाइकांची वर्दळ असते आणि घरात स्वयंपाकाची लगबग. मग ‘आम्हांला कुठे इंग्रजी येते?’ असे म्हणून वही शिकवणीकडे किंवा मोबाइलकडे सोपविली जाते. निबंध आयता मिळतो, शेराही चांगला मिळतो. मूल मात्र होते तेथेच राहते.

आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तरीही वाचणे आणि समजणे यांत अंतर आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ २०२३ या अहवालासाठी देशातील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी झाली. त्यांपैकी ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली. आणि अशा वाचणाऱ्यांपैकीही सुमारे चौथ्या हिश्शाला त्यांचा अर्थ सांगता आला नाही.

हे अंतर भरून काढण्यास इंग्रजी न जाणणारी आजीही समर्थ आहे. नातवाने परिच्छेद मोठ्याने वाचावा आणि आजीने विचारावे, ‘आता हेच मला मराठीत सांग.’ जेथे तो अडखळेल, तेथे शब्दाखाली रेघ ओढावी व तो शब्द शब्दकोशात त्यानेच शोधावा. कळले की नाही, हे सांगताना आपोआप उघड होते.

निबंधाचेही तसेच आहे. व्यापाऱ्याच्या घरात आधी रोजमेळ, मग खतावणी. रोजमेळच कोरा असेल तर खतावणी कशाची करणार? ‘आमचे दुकान’ हा विषय असेल, तर दुकान किती वाजता उघडते, कोण येते, काय अधिक खपते, अशी पाच टिपणे मुलाने प्रथम मराठीत करावीत. प्रत्येक टिपणाचे एक छोटे इंग्रजी वाक्य झाले की निबंधाचा सांगाडा उभा राहतो. तो साधा असेल, पण त्याचा स्वतःचा असेल.

व्याकरणात बहुतेक चुका दोन भाषांच्या घडणीतील फरकामुळे होतात. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग. आपण ‘दुकानात’ म्हणताना ‘त’ शेवटी जोडतो. इंग्रजीत ‘इन’ आधी येते, ‘इन द शॉप’. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना तर मराठीत जोडच नाही, म्हणून ती उपपदे हमखास गळतात. ‘तो जातो, ती जाते’ यांत आपले क्रियापद लिंगानुसार बदलते. इंग्रजीत ‘ही’ व ‘शी’ या दोघांनाही ‘गोज’ एकच. असा फरक दोन्ही वाक्ये शेजारी मांडून दाखविला की पाठांतराचे ओझे पुष्कळ हलके होते.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. चूक दिसली तर तिच्याखाली रेघ ओढावी. शुद्ध वाक्य आपण लिहून देऊ नये. शिक्षक वहीवरूनच मुलाची अडचण ओळखतात. मोठ्यांनी सजविलेली वही ही खोट्या नोंदींच्या चोपडीसारखी असते: ताळा जुळलेला दिसतो, पण गल्ल्यात रक्कम नसते. परीक्षेच्या दालनात किंवा पुढे नोकरी-व्यापाराच्या पत्रव्यवहारात ही तूट मुलालाच भरावी लागते.

रोज वीस मिनिटे, गल्ल्याशेजारी बसून का होईना, मुलाचे वाचन ऐकावे आणि त्याला अर्थ विचारावा. वहीत चार चुका राहिल्या तर राहू द्याव्यात. अक्षर आणि वाक्य मात्र त्याचे असावे.