पावती दाखवा, मग लिहा

विकिपीडिया हा लोकांनी मिळून लिहिलेला विश्वकोश आहे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश काय किंवा वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश काय, दोन्हींमागे निवडक विद्वानांचे मंडळ होते. येथे मात्र नांदेडच्या वजिराबादेतील अथवा लातूरच्या गंजगोलाईतील कोणीही दुकानदार गल्ल्यावर बसल्या बसल्या लेखातील मजकूर बदलू शकतो. हे स्वातंत्र्य पाहून आपल्या समाजातील उत्साही मंडळी कामाला लागतात आणि आठवडाभरात नाराज होऊन परततात. ‘आम्ही खरे तेच लिहिले, तरी ते काढून टाकले,’ ही तक्रार मी दोन्ही गावांत ऐकली आहे. निवृत्तीनंतर या नियमांचा अभ्यास मी हौसेने आरंभला असल्यामुळे त्या तक्रारीचा येथे विचार करावासा वाटतो.

मेख त्या ‘खरे तेच’ या शब्दांत आहे. मजकूर खरा आहे, एवढे विकिपीडियाला पुरत नाही. तो कोठे प्रसिद्ध झाला आहे आणि त्रयस्थ वाचकाला तो पडताळता येईल काय, असा त्याचा प्रश्न असतो. व्यापाऱ्याला हे नवे वाटू नये. खर्च खरोखरच झाला असला तरी पावतीवाचून तो खर्ची पडत नाही आणि ती पावती आपणच आपल्या हाताने लिहून चालत नाही.

आपल्या जिव्हाळ्याचे एक उदाहरण घेऊ. राष्ट्रकूटांच्या लेखांत ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ असे बिरुद येते. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे मत डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रकूटांवरील ग्रंथात मांडले. याच कुळातील सम्राट अमोघवर्ष नवव्या शतकात होऊन गेला. तो जैन होता, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याला आधारही भक्कम आहेत. गुणभद्राचार्यांच्या उत्तरपुराणातील प्रशस्तीत अमोघवर्ष जिनसेनाचार्यांच्या चरणी नम्र होत असे, असा उल्लेख आहे आणि महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहाच्या आरंभी त्याची स्तुती केली आहे. परंतु संजान येथे सापडलेला शके ७९३ चा ताम्रपट सांगतो की, प्रजेवरील संकट टळावे म्हणून याच राजाने आपले बोट महालक्ष्मीला अर्पण केले. प्रश्नोत्तररत्नमालिका त्याच्या नावावर आहे. काही हस्तलिखितांत मात्र तिचे कर्तृत्व शंकराचार्यांकडे जाते.

अशा वेळी ‘अमोघवर्ष हा परम जैन सम्राट होता’ असे एक वाक्य ठोकून देणे तटस्थतेच्या नियमात बसत नाही. प्रशस्ती काय म्हणते, ताम्रपट काय म्हणतो, इतिहासकार काय म्हणतात, हे ज्याचे त्याच्या नावाने लिहावे लागते. अनेकांत ज्यांच्या घरी वाढला, त्यांना याचा राग का यावा? मात्र तुलना फार ताणू नये. स्याद्वाद प्रत्येक नयात सत्याचा अंश पाहतो. विकिपीडिया कोणत्या मताला अभ्यासकांचा किती आधार आहे हे पाहून त्या प्रमाणात जागा देतो. एखाद्याच माणसाच्या लहरी मताला तेथे समान आसन मिळत नाही.

याहून कठोर नियम ‘मूळ संशोधन नको’ हा आहे. एखाद्या जुन्या मंदिरातील प्रतिमेच्या पादपीठावरील लेख आपण स्वतः वाचला, संवत जुळवला आणि लेखात घातला, तर तो काढला जाऊ शकतो. वाचन चुकलेच आहे असा त्याचा अर्थ नव्हे. ते कोणी तपासलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या मते हा नियम आपल्याला उपकारकच आहे. मराठवाड्यातील कितीतरी प्रतिमालेख आणि हस्तलिखिते केवळ ‘आम्हाला ठाऊक आहे’ या समाधानात पडून आहेत. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तेथील इतिहासाच्या अभ्यासकाला बोलवावे, ठसे घेऊ द्यावेत, शोधनिबंध प्रसिद्ध होऊ द्यावा. मग विकिपीडियावरील संदर्भ कोणी हलवणार नाही.

आजोबांच्या पेढीवरील लेखाचे दुखणे निराळे. पेढी शंभर वर्षांची असेल, धर्मशाळाही बांधली असेल. पण नातवाने आजोबांवर लिहिणे हा हितसंबंधांचा प्रश्न होतो. बँकेतही आपल्या नातलगाचे कर्जप्रकरण आपणच मंजूर करीत नसत. समाजाच्या स्मरणिकेतील गौरवलेखही येथे दुबळा पुरावा ठरतो, कारण तो आपणच छापलेला असतो. लेखाच्या चर्चापानावर आपले नाते उघड सांगून सूचना करता येते. तेवढाच मार्ग सरळ आहे.

विशेषणांचा मोहही आवरावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. या वाक्याला ‘महान’, ‘अलौकिक’ असे शब्द जोडले की संपादक ते शब्द काढतो. काढू द्यावेत. आकडा आणि त्यामागचा संदर्भ राहिला म्हणजे झाले.

आणि काढलेले काहीही नाहीसे होत नाही. प्रत्येक लेखाच्या ‘इतिहास’ या पानावर कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काय बदलले, याचा रोजमेळच असतो. म्हणून मजकूर पुनःपुन्हा घालून भांडत बसण्याऐवजी तो का काढला हे वाचावे आणि चर्चापानावर किंवा ‘चावडी’वर विचारावे. नवख्यांच्या सरावासाठी ‘धूळपाटी’ नावाचे पान आहे. आपल्या पूर्वजांनी मुळाक्षरे गिरवली तिचेच नाव. तेथे हवे ते लिहून पुसता येते. हात बसल्यावर आपल्या गावाच्या लेखातील संदर्भ नसलेले एखादे वाक्य शोधावे आणि त्याला पुस्तकाचे नाव, वर्ष व पृष्ठ क्रमांक जोडावा.