भिंतीवरचा आदर्श

"आजच्या तरुणांपुढें आदर्शच उरला नाहीं," हें वाक्य आमच्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडीं इतकें बसलें आहे कीं, तें खरें कीं खोटें हें पाहण्याची तसदी आतां कोणी घेत नाहीं. स्नेहसंमेलनाचे अध्यक्ष तें म्हणतात. व्यायामशाळेच्या उद्‌घाटनाला आलेले पाहुणे तें म्हणतात. आणि एक जिना चढतांना ज्यांना मध्यें थांबावें लागतें असे गृहस्थही तें धापा टाकीत म्हणतात. आमचें म्हणणें याच्या अगदीं उलट आहे. आदर्शांचा दुष्काळ नाहीं, सुकाळ झाला आहे. घरोघर भिंतीवर, आणि आतां हातांतल्या मोबाइलच्या पडद्यावर, बलदंड नट, क्रिकेटपटू व ऑलिंपिकवीर यांची रांग लागली आहे. आणि त्या रांगेसमोर आरामखुर्चींत बसून आम्ही व आमचीं मुलें सुखानें स्थूल होत आहों. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनें भारतांतील मधुमेह्यांची संख्या दहा कोटींहून अधिक ठरविली. इतक्या आदर्शांच्या देखत हें घडलें, याचा विचार करावयास नको काय?

आमच्या मतें याचें कारण साधें आहे. दूरचा आदर्श माणसाला बहुधा प्रेक्षक करतो. जवळचा आदर्श त्याला कामाला लावतो. विभूति आपल्याला दिसते ती शिखरावर पोंचल्यानंतर. ती कोणत्या वाटेनें चढली, कोठें थांबली, कोणत्या दिवशीं तिला अंथरुणांतून उठवेना, हें कांहींच दिसत नाहीं. आणि व्यायामाचा सगळा प्रश्न तर उद्यां पहांटे अंथरुणांतून उठण्याचा आहे! त्या वेळीं भिंतीवरचें चित्र हांक मारीत नाहीं. हांक मारतो तो दाराशीं येऊन उभा राहिलेला सोबती.

आमच्या पूर्वजांना हें मर्म ठाऊक होतें. तालमींत मारुतीची मूर्ति असते. परंतु ती कोनाड्यांत असते. हौद्यांत उतरतो तो वस्ताद. मारुतीला नमस्कार करून पोरगा मातींत येतो, आणि पाय कसा रोवावा, दम कसा राखावा, पडल्यावर न कुरकुरतां कसें उठावें, हें तो वस्तादाकडून हाताच्या अंतरावरून शिकतो. आम्ही सुशिक्षितांनीं मारुती ठेवला आणि वस्ताद काढून टाकला. लोकमान्य टिळकांचेंच उदाहरण घ्या. शेंगांच्या टरफलांची गोष्ट आमच्या प्रत्येक मुलाला पाठ असते. परंतु डेक्कन कॉलेजांतलें पहिलें वर्ष टिळकांनीं अभ्यास बाजूस सारून शरीर कमावण्यांत घालविलें, ही गोष्ट आम्ही त्याला सांगत नाहीं. आणि सांगितली, तरी परीक्षा जवळ येतांच त्याचें खेळणें बंद करणारे पहिले आम्हीच!

१९५२ सालीं हेलसिंकी येथें खाशाबा जाधव यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गोळेश्वरच्या या सुपुत्राची गांवीं बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली, महाराष्ट्राला धन्य वाटलें. पण पुढें काय झालें? देशाला दुसरें वैयक्तिक पदक मिळावयास १९९६ साल उजाडावें लागलें. महाराष्ट्राच्या खेळाडूला तें मिळावयास २०२४ साल. आदर्श तर डोळ्यांपुढें होता. मग बहात्तर वर्षें तो कोणाच्या उपयोगी पडला? उलट, खुद्द खाशाबांना कुस्तीचें वेड कोठून लागलें हें पाहावें. त्यांचे वडील दादासाहेब स्वतः कुस्तीगीर होते. म्हणजे ज्यानें पदक आणलें त्याचा आदर्श घरांत होता, आणि ज्यांनीं टाळ्या वाजविल्या त्यांचा आदर्श मिरवणुकींत होता.

कोणी म्हणेल, दूरच्या विभूतींनीं तरुण हालतच नाहींत हें म्हणणें एकांगी आहे. आक्षेप रास्त आहे, आणि त्याला बळकटी देणारें उदाहरण आम्हीच देतों. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं तरुणपणीं युजेन सँडो या जगप्रसिद्ध मल्लाच्या पद्धतीनें सुमारें दहा वर्षें नेमानें व्यायाम केला. सँडो त्यांचा शेजारी नव्हता. परंतु १९०८ च्या सुमारास मिरजेचे अधिपति गंगाधरराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि तो नेम त्यांनीं वृद्धपणापर्यंत सोडला नाहीं. शिवाय तो त्यांनीं औंधच्या शाळांत नेला. स्वतः राजा रोज नमस्कार घालतो हें ज्या मुलांना ठाऊक होतें, त्यांना नमस्काराचें महत्त्व व्याख्यानानें पटवावें लागलें नसेल. तात्पर्य, विभूति दिशा दाखवील. पाऊल उचलावयास मात्र ओळखीचा माणूसच लागतो.

पाश्चात्त्य संशोधनही याच बाजूला झुकतें. माणसाचा आत्मविश्वास वाढतो तो आपल्यासारख्याच माणसाला यश आलेलें पाहून, असें मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनीं १९७७ सालीं मांडलें. पुढें २००७ सालीं क्रिस्टाकिस व फाउलर या दोघांनीं अमेरिकेंतील १२,०६७ माणसांच्या ३२ वर्षांच्या नोंदी तपासल्या. मित्र लठ्ठ झाला तर माणूस स्वतः लठ्ठ होण्याचा संभव ५७ टक्क्यांनीं वाढतो, असें त्यांना आढळलें; नुसत्या शेजाऱ्याचा मात्र तसा परिणाम दिसला नाहीं. या निष्कर्षांवर वाद झाले आहेत. तरीही त्यांतली एक गोष्ट मनांत ठेवण्यासारखी आहे: जवळचा म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारा नव्हे, तर ज्याला आपण आपला मानतों तो.

आणि येथेंच खरी मेख आहे. जवळचा आदर्श मिळत नाहीं असें नाहीं. त्याला आपला मानावयास आमची प्रतिष्ठा आड येते. आमच्या भंडारा जिल्ह्याकडेच पाहा. येथें वैनगंगा आहे, आणि कोहळी लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वीं बांधलेले तलाव गांवोगांव आहेत. पाण्याची विद्या ज्याच्या अंगांत मुरली आहे असा ढिवर त्या तलावांवर रोज पहांटे दिसतो. परंतु आमचा मुलगा परदेशी जलतरणपटूचें चित्र खोलींत लावील, आणि बाप त्याला ढिवराच्या हाताखालीं पोहावयास धाडणार नाहीं. ढिवराची मेहनत पोटासाठीं आहे, तिचें काव्य करूं नये, हें आम्हांला मान्य आहे. पण म्हणून त्याच्या विद्येला विद्या म्हणूं नये काय? ज्याला रोज पाहतां येतें, विचारतां येतें, ज्याच्या मागोमाग पाण्यांत उतरतां येतें, तो केवळ आपल्या बैठकींतला नाहीं म्हणून नापसंत! बडोद्याच्या प्रोफेसर माणिकरावांना असा संकोच वाटला नाहीं. त्यांनीं नांवारूपास आणलेल्या व्यायाममंदिराला त्यांच्या वस्तादाचें, जुम्मादादांचें, नांव आहे. ज्याच्या हाताखालीं माती अंगाला लावली त्याचें नांव दारावर लावावयास मन मोठें लागतें. तें मन आमच्यापाशीं नाहीं, म्हणून आम्ही नट निवडतों. नटापुढें मान लववावी लागत नाहीं. नुसतें पाहत बसलें तरी चालतें.

तेव्हां "आदर्श कोठें आहे?" हा प्रश्न सभेंत विचारणाऱ्यांनीं तो आधीं घरीं विचारावा. आई पहांटे फिरावयास निघाली तर मुलगी खिडकींतून पाहते, आणि आठ दिवसांनीं वहाणा घालून दाराशीं उभी राहते. पन्नाशीचा बाप दहा नमस्कार घालून दमला तरी चालेल. दमलेला बाप मुलाला दिसावा हेंच हवें आहे, कारण दमूनही उद्यां पुन्हा उठणारा माणूस त्याला कोणत्याही चित्रांत दिसणार नाहीं. घरांत असें कोणी नसेल, तर गल्लींतला, तलावावरचा, तालमींतला शोधावा. आणि त्याची जात, धंदा व इंग्रजी न विचारतां त्याला गुरुजी म्हणावें. भिंतीवरचीं चित्रें काढून टाका असें आम्ही म्हणत नाहीं. मारुती कोनाड्यांत शोभतो. पण हौदा रिकामा ठेवून कोनाड्याला शेंदूर फांसणें याला उपासना म्हणत नाहींत.