ट्रकला जमले, माणसाला का नाही?

आरोग्यविम्यातली वयाची अट गेली, आता ज्येष्ठांचा प्रश्न सुटला, असे म्हणणाऱ्यांनी हिशेब अर्धाच मांडला आहे. १ एप्रिल २०२४ पासून पासष्टीनंतरही नवी पॉलिसी घेता येते. जुन्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षा काळ चारवरून तीन वर्षांवर आला. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवण्यापूर्वी विमा नियामकाशी बोलण्याचे बंधनही आले. हेतू चांगलाच, पण हप्त्याला लगाम घालून जोखीम मात्र कंपनीच्याच गळ्यात ठेवली, तर ती गिऱ्हाईक निवडू लागणार. त्यासाठी तोंडावर नकार द्यावा लागत नाही. तपासण्यांचा घोळ घातला तरी पुरते.

हीच अडचण ट्रकच्या विम्यात पूर्वी आली होती. मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता मिळतो, त्या हातखंबा तिठ्यावरून जाणाऱ्या प्रत्येक मालट्रकला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. हप्ता बांधलेला आणि मृत्यू-इजेच्या भरपाईला मर्यादा नाही, म्हणून कंपन्या हा धंदा टाळत. त्यावर २००७ मध्ये व्यापारी वाहनांच्या विम्याचा ‘पूल’, म्हणजे सामायिक निधी, उभा राहिला आणि तोटा सगळ्यांत वाटला जाऊ लागला. तो पूल तोट्यात जाऊन २०१२ मध्ये गुंडाळला, हा अशा वाटणीच्या विरोधकांचा मुद्दा खरा आहे. पण दोष वाटून घेण्यात नव्हता, झालेले बिल वाटण्यात होता. दावे काटेकोर तपासणाऱ्याच्या पदरात त्यातून फारसे काही पडत नव्हते. नेदरलँड्सने १९९३ मध्ये आणि जर्मनीने १९९४ मध्ये आरोग्यविम्यात सुरू करून पुढे सुधारत नेलेली रीत वेगळी आहे: वय आणि आजार पाहून अपेक्षित खर्च आधीच ठरवायचा. समजा, साठीतल्या दोघांचा हप्ता २० हजार. निरोग्याचा अपेक्षित खर्च १२ हजार, मधुमेह्याचा २८ हजार. पहिल्याच्या कंपनीने ८ हजार सगळ्या कंपन्यांच्या समायोजन निधीत भरायचे, ते दुसऱ्याच्या कंपनीला मिळायचे. उपचार नीट सांभाळून खर्च कमी ठेवला तर नफा तिचा. उधळपट्टी केली तर तोटाही तिचाच.

निरोग्याने आजाऱ्याचा भार का उचलावा, असे विचारणाऱ्याचा आक्षेप विम्याच्या कल्पनेवरच आहे. कागदावर आजार फुगवले जातील, ही भीती मात्र रास्त आहे. अमेरिकेत मेडिकेअर ॲडव्हान्टेज या ज्येष्ठांच्या आरोग्यविमा योजनेत हेच आरोप झाले. म्हणून निदानाची स्वतंत्र पडताळणी आणि खोट्या नोंदीला जबर दंड हवा. एवढ्यासाठी निधीच नको म्हणणे म्हणजे आजाऱ्याला पुन्हा दाराबाहेर उभे करणे. नियामकाने दार उघडले आहे. आता आजारी माणूस आत आल्याने कंपनी बुडणार नाही, याचीही सोय त्यानेच करावी.