खपलीखालची वीज

कोनाड्यातली टॉर्च वर्षभराने हाती घ्यावी तर आतले सेल पाझरलेले! हा अनुभव काही एकट्या माझ्याच घरचा नसावा. काम न करताही झिजायचे, हा साध्या सेलचा स्वभावच. म्हणून वर्षानुवर्षे नुसती वाट पाहू शकणाऱ्या सेलचे मला भारी कौतुक वाटते.

लिथियम हा धातू वजनाला पाण्याच्या निम्मा आणि वीज द्यायला मोठा उतावळा. पण पाण्याशी त्याचे हाडवैर. मग सेलमध्ये भरायचे काय? कोणी सेंद्रिय द्रव वापरून पाहिले. अमेरिकेतील जीटीई प्रयोगशाळेत अ‍ॅडम हेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र निरिंद्रिय द्रव निवडला आणि १९७३ साली तो प्रयोग प्रसिद्ध केला. द्रव कोणता, तर थायोनिल क्लोराइड! नाकाडोळ्यांना झोंबणारा, लिथियमला खाऊन टाकील असा. ही सोयरीक जमवणाऱ्याला आपण वेड्यातच काढले असते.

परंतु गंमत पाहा. पहिल्याच स्पर्शाला लिथियमवर लिथियम क्लोराइडची पातळ खपली धरते आणि भांडण तिथेच थांबते. सेल कामाला जोडला की मगच आतली क्रिया पुन्हा सुरू होते. विजेला वाट देणारा द्रव तोच आणि क्रियेत खर्च होणाराही तोच. म्हणजे मांडवही तोच, वऱ्हाडीही तोच! दाब सुमारे ३.६ व्होल्ट, टॉर्चच्या सेलच्या दुपटीहून अधिक. नुसता पडून राहिला तर वर्षाकाठी घट शेकडा एकाच्या आसपास.

खपलीचा जाचही आहे. ती जाड झाली की सेल जागा व्हायला वेळ लावतो. फार वीज एकदम ओढून तो तापला आणि १८० अंशांवर लिथियम वितळला, तर राखण संपते. असे सेल फुटलेलेही आहेत.

तरीही युरोपच्या ‘फिले’ यानावर हेच सेल बसवले होते. मार्च २००४ मध्ये निघालेले ते यान १२ नोव्हेंबर २०१४ रोजी धूमकेतूवर उतरले, उसळ्या घेत भलतीकडे गेले आणि कड्याच्या सावलीत अडकले. सौर तावदानांना ऊन मिळेना. तेव्हा दहा वर्षे बहुतेक निजून असलेले सेल कामाला आले. दोन-अडीच दिवसांनी यान गप्प झाले, पण तोवर त्याच्या उपकरणांच्या बहुतेक नोंदी पृथ्वीवर येऊन पोहोचल्या होत्या.