दादींचा फोटो

नवा डिजिटल कॅमेरा जामखेडच्या आमच्या घरी आला. मगरिबनंतर दादी तसबीह पढत बसल्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून त्यांना फ्लॅश सोसत नाही. आयएसओ १०० वर शटर पाव सेकंद उघडे राहिले, तेवढ्यात मणी पुढे सरकला आणि बोटे पुसट आली. (दादींची मोजणी मात्र चुकली नाही!) आयएसओ दुप्पट केला की निम्मा वेळ पुरतो, म्हणून १६०० वर १/६० सेकंदात काम झाले. बोटे स्पष्ट, सावलीत थोडे दाणे. हौसेने आम्ही ६४०० केला. दाणे पुसता पुसता कॅमेऱ्याने सुरकुत्याही पुसल्या. दादी बघून म्हणाल्या, "ही कोण बाई?" फ्रेम करायला आम्ही १६०० चाच फोटो दिला आहे.